जपानी इंजिनातला अडखळा

“आनि हातानं फिरवून बघितलास?”

“बघितलं की, उस्ताद.”

“किती फेरं?”

“दोन.”

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. ते सांध्यात बसवायचं पुठ्ठ्याचं गॅस्केट कापत होते. म्हणजे कात्री नाही, सुरी नाही. पाण्याच्या पंपाच्या तोंडावर पुठ्ठा धरायचा आणि कडेकडेनं बारीक हातोडीनं ठोकत जायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी गॅस्केट कापणारा एवढा एकच म्हातारा उरला होता.

ठक... ठक... ठक...

निवास पोवार त्यांच्यासमोर उभा होता. सहा वर्षांचा शिष्य. डिप्लोमा झालेला, हात चांगला, आणि जीभ हाताहून चांगली.

शेडच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांवर इंजिन होतं. जपानात कुणाच्या तरी गाडीत चाललेलं, तिथून उतरवलेलं, बोटीनं मुंबईला आलेलं. निवास स्वतः मुंबईला गेला होता. चाळीस इंजिनांतून त्यानं हे एक निवडलं होतं आणि ही गोष्ट आठवडाभरात निदान चाळीस जणांना सांगून झाली होती.

गाडी आजऱ्याच्या बारदेस्कर डॉक्टरीणबाईंची. त्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर एकट्या जायच्या. तिथं दुसरी गाडी चढत नसे आणि दुसरा डॉक्टर जात नसे. जुनं इंजिन जाम झाल्यापासून त्यांच्या फेऱ्या बंद होत्या. “शनिवारी गाडी तुमच्या दारात,” असा शब्द निवासनं चारचौघांत दिला होता.

तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले होते, “निवडलंस तू. तपास पण तूच कर. मी मदी पडत न्हाई.”

त्या दिवशी निवासला केवढा आनंद झाला होता! आज मात्र सकाळपासून तो त्यांची नजर चुकवत होता.

“बाकी सगळं एक नंबर आहे, उस्ताद,” तो न विचारताच सांगू लागला. “कॉम्प्रेशन चारी सिलिंडरला सारखं. प्लग कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे. तेलाच्या झाकणाला पांढरा फेस नाही, म्हणजे तेलात पाणी गेलेलं नाही. आत कॅमेरा घालून बघितलं, भिंतींवर एक ओरखडा नाही. हे बघा फोटो.”

“र्‍हाऊ दे. मला त्या मोबाइलात काय दिसतंय?”

ठक... ठक...

“दोनच फेरं का रं?”

“दोन फेऱ्यांत सगळं कळतं की. जास्त लागत नाहीत.”

“आसंल बाबा. तू शिकल्याला हाईस.”

निवासचे कान गरम झाले. दोनच फेरे का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सकाळी इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पुलीच्या, म्हणजे पट्ट्याच्या चाकाच्या, नटाला पाना लावून, त्याला पाइप जोडून त्यानं इंजिन फिरवलं, तेव्हा एका जागी काहीतरी लागलं होतं. अगदी बारीक. भाकरीत खडा लागावा तसं. दुसऱ्या फेऱ्यात पुन्हा तिथंच. मग तिसरा फेरा त्यानं फिरवलाच नाही.

झडपांच्या स्प्रिंगांचा जोर असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पण स्प्रिंग दाबली जाते आणि मऊपणे सोडते, हे त्याला उस्तादांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं. हे तसं नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याचं झालं होतं.

बाहेर व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. चारला परत निघणार होता. इंजिन पसंत नसेल तर याच ट्रकनं माघारी जाईल, मग दुसरं यायला महिना. मात्र खालच्या तेलाच्या टाकीच्या बोल्टांवर व्यापाऱ्यानं पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या होत्या. रेघ फुटली की इंजिन तुमचं; खराब निघालं तरी तुमचं.

आणि आत काय आहे ते टाकी खोलल्याशिवाय दिसणार नव्हतं.

हातोडी थांबली.

उस्ताद उठले. फडक्याला हात पुसले आणि इंजिनाजवळ पाट सरकवून बसले. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“डावा हात आण हिकडं.”

निवासनं गोंधळून हात पुढे केला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं, वैद्य नाडी बघतो तसं.

“आता उजव्या हातानं फिरव.”

निवासला हसू आलं. “उस्ताद, तपासायचं ते इंजिन आहे.”

“फिरव.”

त्यानं पाइप ओढला. पाव फेरा झाला, अर्धा झाला. ती जागा जवळ येऊ लागली. अगदी सावकाश जायचं, काही झालंच नाही असं दाखवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण ठरवून काय होतंय? हातानं ऐनवेळी झटका दिला आणि ती जागा पार झाली.

उस्तादांची बोटं मनगटावर तशीच होती.

“आनि एकदा.”

पुन्हा तेच.

“आनि एकदा.”

तिसऱ्या खेपेला निवासच्या कपाळावर घाम आला.

“हितं तू पळतोस,” उस्ताद म्हणाले.

...

बाहेर ट्रकचा ड्रायव्हर चाकांवर लाथा मारून हवा बघत होता.

“बारीक अडखळतंय,” निवास अखेर म्हणाला. “सकाळपासून. स्प्रिंगा असतील.”

“आसतील.”

“नाहीतर... बेअरिंग असेल.”

“आसंल.”

बेअरिंग असेल तर इंजिन आठ दिवस चालेल, पंधरा दिवस चालेल, आणि एके दिवशी भर घाटात मरेल. गाडीत बाई एकटी असेल. हे निवासला सकाळीही माहीत होतं. फक्त तेव्हा ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

“परत पाठवतो मग, उस्ताद. ट्रक आहे अजून.”

“काय सांगून पाठीवणार?”

“खराब आहे म्हणून.”

“हाय?”

“माहीत नाही,” तो म्हणाला.

उस्तादांनी त्याचं मनगट सोडलं. पाट उचलला, आपल्या जागी जाऊन बसले.

ठक... ठक...

“ओ पोवार!” ड्रायव्हर दारातून ओरडला. “न्यायचं हाय का ठेवायचं? चार वाजलं!”

निवास इंजिनाजवळ तसाच उभा राहिला. परत पाठवलं तर डोंगरात महिनाभर डॉक्टर नाही. खोललं आणि खराब निघालं तर त्याच्या शब्दाची उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर शोभा. बसवलं तर... तिसरं त्याला मनातसुद्धा पुरं म्हणवेना.

त्यानं खाली वाकून पहिल्या बोल्टला पाना लावला. पांढरी रेघ मोडली.

“जावा तुम्ही!” तो ड्रायव्हरला म्हणाला.

ट्रक गेला. मग निवासच्या हातातून दोन बोल्ट पडले. एक शोधायला त्याला चक्क लोटांगण घालावं लागलं.

टाकी निघाली. तळाच्या तेलात त्यानं बोटं फिरवली, बोटं उजेडात धरली. चकाकी नाही, कण नाही. एकेक करून त्यानं बेअरिंगच्या टोप्या उतरवल्या. पहिलं बेअरिंग स्वच्छ, दुसरं स्वच्छ, तिसरं तर आरशासारखं. चौथ्याची टोपी काढताना त्यानं डोळेच मिटले. उघडले तर तेही तसंच.

खरं तर त्यानं उडी मारायला हवी होती. पण भीती वाढलीच. मग अडखळतंय काय?

टोप्या पुन्हा कसून तो पाइप धरून बसला. आता झटका द्यायचं काही कारण उरलं नव्हतं. त्या जागेवर तो मुंगीच्या पावलानं आला, थांबला, मागे गेला, पुन्हा आला. कान टेकला.

खर्र...

आवाज आतून नव्हताच. तो त्याच्या नाकासमोरून येत होता. ज्या पुलीच्या नटाला सकाळपासून पाना लावला होता, त्याच पुलीची कड इंजिन उचलताना साखळीनं दबली होती आणि दर फेऱ्याला मागच्या पत्र्याला घासत होती. पत्र्यावर नखाएवढा चकाकता ओरखडा उठला होता. पोटात कॅमेरा घालून झाला, आणि काखेत कळसा!

लाकडी हातोडीचे दोन ठोके. कड सरळ. त्यानं दहा फेरे मोजून फिरवले, मग आणखी दहा. इंजिन तुपातून फिरावं तसं फिरत होतं.

टाकी परत बसेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली. निवासला हायसं वाटलं, रडू येईल इतकं. आणि हायसं वाटल्यावर, माणसाचं होतं तसं, राग आला.

तो तसाच तेलकट हातांनी उस्तादांपुढे जाऊन उभा राहिला.

“पुलीची कड होती, उस्ताद! नुसती कड! त्यापायी रेघ फोडली, ट्रक घालवला, अर्धा दिवस जीव टांगणीला लावला...” त्याला दम लागला होता. “इंजिन चांगलंच होतं की!”

उस्तादांनी पुठ्ठ्याचे तुकडे फुंकून उडवले.

“सकाळी न्हवतं.”