उजळलेले प्रवाळ

एका व्यापाऱ्याने एकदा आपल्या दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवला. काचेची मोठी टाकी, तिच्यात खारे पाणी, तळाशी खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. त्याची हौस लवकरच फिटली. पाणी बदलणे, काच पुसणे, मिठाचे प्रमाण पाहणे हे सारे त्याच्या मुलीच्या, शर्वाणीच्या, अंगावर पडले आणि तिने ते मनावर घेतले. त्याच शहरात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध प्राध्यापक राहत. प्रवाळ सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. शर्वाणी त्यांची शिष्या झाली. त्यांच्या टाकीत वाढलेले बोटाच्या पेराएवढे तुकडे आणून तिने आपल्या खडकांवर लावले, आणि काही वर्षांत तिथे तपकिरी, जांभळ्या, हिरव्या फांद्यांचे लहानसे रान उभे राहिले. त्या एवढ्या थोरल्या घरात तिचे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते.

एके दिवशी टाकीवरचा दिवा बंद पडला. नवा कोणता घ्यावा हे विचारायला ती सरांकडे गेली, तर सरांनी दिव्याचे नावच काढले नाही.

"तुझ्याकडे वरच्या अंगाला कोण राहतं?" त्यांनी विचारले.

"फांद्यावाली."

"आणि खाली?"

"ती मऊ, पंजासारखी हलणारी. त्यांना सावली लागते."

"मग दिवा त्यांच्यासाठी घे, बघणाऱ्यांसाठी नको. निळा प्रकाश चांगला हवा, त्यावर त्यांचं पोट चालतं. पांढरा बेताचा. आणि कमी-जास्त करता येईल असाच घे."

असा दिवा शर्वाणीने शोधूनही ठेवला होता. पण याच सुमारास तिला बघायला पाहुणे येणार असे ठरले, आणि बाबा स्वतः दुकानात गेले. दुकानातला सर्वांत प्रखर दिवा त्यांनी उचलून आणला. पांढराशुभ्र, आणि कमी-जास्त करायला त्याला बटणच नव्हते. तो सकाळी लागला की निजानीज होईपर्यंत जळे. दिवाणखाना एखाद्या मांडवासारखा लखलखू लागला.

आठवड्याभरात प्रवाळांचा रंग उतरू लागला. आधी टोके फिकट झाली, मग फांद्या, मग सगळे रानच पांढरे पडत चालले. शर्वाणीचा जीव कासावीस झाला. बाबा मात्र खूश होते.

"बघ, कसं उजळलं! सगळा काळपटपणा गेला. उगाच नाही म्हणत, चांगल्या वस्तूची सर कशालाच येत नाही."

आत्या शेजारीच उभी होती. तिने टाकीकडे पाहिले, मग भाचीकडे पाहिले. "दादा, पाहुणे आले की शर्वूला इथंच बसव, टाकीशेजारी. या उजेडात हिचा सावळेपणा कुणाच्या डोळ्यांत यायचा नाही."

आत्या वाईट बाई नव्हती. अशी वाक्ये आपल्याकडे फार प्रेमाने बोलली जातात, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याला उलटून बोलताही येत नाही. शर्वाणी मूग गिळून बसली आणि तिने सरांना बोलावून घेतले.

सर आले. त्यांनी टाकीत निरखून पाहिले, एक जुनी मच्छरदाणी मागवली, तिच्या घड्या घातल्या आणि दिवा व पाणी यांच्यामध्ये ती ताणून बांधली. दिवाणखाना एकदम मावळला.

"अहो सर!" बाबांचा पारा चढला. "एवढा उंची दिवा आणला, आणि तुम्ही त्याला मच्छरदाणी लावता?"

सर शांतपणे म्हणाले, "प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. प्रकाशावर ते अन्न तयार करतं आणि प्रवाळाला भरवतं. अंगावरचा रंगही बहुतेक त्याचाच. प्रकाश अति झाला की तेच शेवाळ बाधू लागतं. मग प्रवाळ त्याला बाहेर टाकतं. मागे उरते ती काचेसारखी कातडी आणि आतला चुन्याचा सांगाडा. तुम्ही ज्याला उजळणं म्हणता, ती उपासमार आहे. अजून जीव आहे. जाळीखाली ठेवलं आणि रंग परतू लागला की एकेक घडी काढायची, म्हणजे प्रकाश सोसेल."

"पाहुणे रविवारी येऊन जाऊ देत. मग घाला काय घालायची ती जाळी. तोवर काय मरतंय?"

"मरेल," सर म्हणाले.

"सर, घर माझं आहे."

यावर सरांनी जे केले ते शर्वाणीला मुळीच कळले नाही. त्यांनी मच्छरदाणीच्या गाठी स्वतःच्या हातांनी सोडल्या, ती नीट घडी करून शर्वाणीच्या हातात दिली, बाबांना नमस्कार केला आणि ते चालते झाले. पांढरा उजेड पुन्हा टाकीवर कोसळला.

तिला सरांचा विलक्षण राग आला. ती तशीच त्यांच्या मागे गेली आणि फाटकाशी तिने त्यांना गाठले.

"सर, तुम्ही भांडला का नाहीत? तुमचा शब्द बाबांनी ऐकला असता! मी कोण? माझं त्या घरात कोण ऐकतं?"

वृद्ध थांबले. "मी बांधलेली जाळी माझी पाठ वळताच निघाली असती. मी काय रोज पहाऱ्याला येणार? प्रवाळाला तोंड आहे, पण 'मला हा उजेड नको' असं त्याला म्हणता येत नाही. ते मुकाट्याने पांढरं पडतं आणि लोक त्याचं कौतुक करतात. तुला बोलता येतं, शर्वाणी. तरीही तू गप्प राहिलीस, तर त्याच्यात आणि तुझ्यात फरक कोणता?"

एवढे बोलून ते निघून गेले. शर्वाणी घरात आली, तिने स्टूल ओढले आणि टाकीवर मच्छरदाणी बांधली. बाबांनी ती काढली. तिने पुन्हा बांधली. बाबांनी आवाज चढवला, आत्याने डोळ्यांत पाणी आणले, जेवणखाण रुसव्यात झाले. पण जाळी निघाली की ती पुन्हा बांधत राहिली. शेवटी बाबांनीच नाद सोडला. पाहुण्यांसमोर ही असे काही करणार नाही, याची त्यांना खात्री होती.

रविवारी पाहुणे येण्याआधी आत्याने जाळी उतरवली आणि पावडरचा डबा शर्वाणीपुढे ठेवला. शर्वाणीने डबा उघडलाही नाही. पाहुणे स्थिरस्थावर झाले, चहा आला, आणि टाकीशेजारच्या सोफ्यावरून ती सर्वांच्या देखत उठली. स्टुलावर चढून तिने मच्छरदाणी ताणली आणि चारी गाठी मारल्या. टाकी अंधारली, तिच्याबरोबर सोफाही अंधारला.

"अगं, हे काय?" मुलाची आई म्हणाली. "किती छान पांढरंशुभ्र दिसत होतं!"

"ते आजारी आहे," शर्वाणी म्हणाली. "त्याचा मूळ रंग तपकिरी. या दिव्याखाली ते पांढरं पडलं, आणि आणखी पांढरं पडलं तर मरेल. हा दिवा माझ्यावरही पडावा म्हणून मला इथं बसवलंय. मी सावळी आहे. तुम्हाला बघायचं असेल तर मला खिडकीच्या उजेडात बघा."

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "मुलगी हुशार आहे हो," ती म्हणाली, आणि तिने ते कशा अर्थाने म्हटले हे सर्वांना कळले. पाहुणे गेले. नंतर त्यांच्याकडून निरोप आला नाही.

बाबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शर्वाणीला वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. पण जाळी तिने काढली नाही. दरम्यान जाळीखाली, खालच्या फांद्यांच्या बुडाशी, चहाच्या डागासारखी फिकट तपकिरी छटा परतली. काही फांद्या गेल्या त्या गेल्याच. बाकीच्या हळूहळू रंग धरू लागल्या.

एका सकाळी ती दिवाणखान्यात आली तेव्हा बाबा स्टुलावर उभे होते. टाकीत वाकून ते त्या तपकिरी रंगाकडे पाहत होते आणि त्यांचा हात मच्छरदाणीच्या गाठीवर होता. तिची चाहूल लागताच ते ओशाळले.

"एक घडी काढू का गं आता?" त्यांनी विचारले.

शर्वाणीने जवळ जाऊन पाहिले. "नाही बाबा. अजून नाही."

बाबांनी हात मागे घेतला.