साडेचारची लाँच

“मग यातला कोणता धडा काढू, सर?”

केतकी सबनीस धक्क्याच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती. पुढ्यात मोठा तक्ता पसरलेला. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड.

जंगम सर एक पायरी वर बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं. आता पलीकडच्या काठावर राहतात. गावात काम असलं की सकाळच्या लाँचने येतात, शेवटच्या लाँचने परततात.

“कोणता काढू?”

सर पाण्याकडे बघत होते.

थंडीचे दिवस. धरणाचं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मध्ये रेघच नव्हती. पलीकडचे डोंगर अर्धे होते, अर्धे नव्हते...

“सतरा मुलं होती, सर. अकरावीची. मी परदेशात पदवीच्या पहिल्या वर्षाला जे सूक्ष्म अर्थशास्त्र शिकले, ते सगळं यांना याच वर्षी द्यायचं ठरवलं. तिकडे काही मुलं शाळेतच ते शिकून घेतात. मग यांनी का थांबायचं? शाळा सुटल्यावर तास ठेवला, चार ते सव्वापाच. आता चौघंच येतात, आज त्यांनाही सुट्टी दिली. सोमवारपर्यंत दहा झाली नाहीत, तर प्राचार्य वर्ग बंद करणार.”

“हं.”

“तिकडची नोकरी सोडून आलेय मी, या वर्गासाठी.”

“हं.”

“अवघड जात असणार त्यांना. म्हणून बेचाळीस तासिका नव्याने आखल्या. सोपं आधी, अवघड मागून, मधेमधे उजळणी. आता उजळणीला जागा पुरत नाही. काहीतरी काढावंच लागणार.”

“तेरा जण गेले ते कधी?”

“दुसऱ्याच दिवशी. एकदम. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाचा मामा आला होता.”

“तेरा मामा?”

“आठ मामा. पाच पोटं.”

सरांच्या मिशीत काहीतरी हललं.

“पहिल्या दिवशी काय शिकवलंस?”

“हेच, की कुठल्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण जे सोडतो ते.”

“छान शिकवलंस.”

“छान शिकवलं असतं तर गेली असती का?”

“छान शिकवलंस म्हणून गेली.”

केतकीचा चेहरा लाल झाला. “सर, मी थट्टा करून घ्यायला नाही आले.”

“बरं. मग तो तास मला शिकव.”

“इथे?”

“इथे.”

ती उठून उभी राहिली. सुरुवातीला आवाज जरा अडखळला, मग मोकळा झाला. ती चांगलं शिकवायची. माणसाचा दिवस केवढा आणि त्याला हवं असतं किती, इथून तिने सुरुवात केली. हातवारे करत ती पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. पाण्यावर तिची सावली तिच्यामागे चालत होती. सर मान किंचित तिरकी करून ऐकत होते, लहान मुलगा गोष्ट ऐकतो तसे...

लाँचचा भोंगा वाजला.

सर उठले. धोतर झटकलं, पिशवी घेतली आणि चालू लागले.

“सर, अजून संपलं नाही.”

ते फळीवर चढले होते.

“सर, महत्त्वाचं तर पुढे आहे.”

ते आत जाऊन बसले.

दोर सोडता सोडता खलाशी म्हणाला, “मॅडम, येताय का? ही शेवटची हाय.”

केतकीने तक्त्याकडे पाहिलं. चार दगड. ते उचलायचे, कागद गुंडाळायचा... फळी सरकू लागली.

तिने उडी मारली.

दोन महिने झाले होते तिला या गावात. शाळेशेजारीच खोली होती, त्यामुळे या लाँचमध्ये बसायची वेळ कधी आली नव्हती. भोंगा मात्र रोज वर्गात ऐकू यायचा. तो वाजला की ती खिडकी लावून घ्यायची.

धक्का मागे जाऊ लागला. पायऱ्यांवर पांढरा चौकोन, मग पांढरा ठिपका.

“माझा तक्ता...”

“लाँच वळत नाही,” सर म्हणाले. “एक सांग. उडी मारायची हे किती धडे वाचून ठरवलंस?”

ती बसायला जागा शोधू लागली.

मग तिला मुलं दिसली. तास सोडून गेलेली, तीच तेरा.

पोती, गॅसची टाकी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्याच्या मधून दप्तरं मांडीवर घेतलेली मुलं. सगळी एकाच वेळी पाण्याकडे बघत होती. बघण्यासारखं पाण्यात काही नव्हतं.

सुगंधा ढेबे सरकली आणि जागा करून दिली.

“पोट कसं आहे?” केतकीने विचारलं.

“बरंय, मॅडम.”

“आणि तुमचे मामा?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“मला सांगायचं नाहीत का, लाँच साडेचारची असते म्हणून?”

सुगंधा दप्तराचा बंद पिळत राहिली. “तुमी एवढ्या लांबनं आला. त्यात आमची लाँच मधे कशाला आणायची?”

इंजिनाचा आवाज एकसारखा चालला होता. लाँच जागच्या जागीच उभी आहे आणि डोंगरच हळूहळू मागे निघालेत, असं वाटत होतं.

“पहिल्या दिवशी आमी पूर्ण बसलो,” सुगंधा म्हणाली. “लाँच गेली. मग काठाकाठानं चालत गेलो. नऊ किलोमीटर. वाटेत तुमचंच बोलणं चाललं होतं. खरी किंमत म्हंजे जे सोडतो ते. मग म्हटलं, आपण काय सोडलं? माझी म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नाय. त्या दिवशी ती तशीच हंबरत ऱ्हायली. ह्या मागच्या पोराच्या बहिणीला एकटीला पाणी भरावं लागलं. असं एकेकाचं काढलं. सगळं काढून झालं, अन् दुसऱ्या दिवशी...”

“पोट दुखलं.”

“होय.”

केतकीने सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“पण एक समजलं नाय, मॅडम,” सुगंधा म्हणाली. “पयला किलोमीटर मजेत गेला. दुसरा पण. पाचवा जरा लांबला. नववा तर संपंचना. किलोमीटर तेवढाच असतो ना? मग शेवटचा एवढा मोठा कसा?”

केतकीने झटकन तिच्याकडे पाहिलं.

हा अकरावा धडा होता. तक्त्यावर तो एकोणिसाव्या तासिकेला होता, पूर्वतयारीच्या तीन धड्यांनंतर. त्याला नाव होतं, ‘वाढता सीमांत खर्च’, आकृती होती, वर जाणारी वक्ररेषा होती. ती पुढे झुकली, सांगायला श्वास घेतला...

जंगम सरांनी डोळे न उघडता तळहात वर केला.

तो हात तसाच राहिला. सूर्य डोंगराला टेकत होता, आणि त्या हाताच्या कडा तांबूस दिसत होत्या.

केतकीने श्वास सोडून दिला. मग तिने विचारलं, अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं:

“सुगंधा, माझ्या तासासाठी तू किती किलोमीटर चालली असतीस?”

सुगंधाने विचार केला. “तीन.”

“चौथा?”

“चौथा नाय. चौथ्याला म्हैस आठवती.”

“मी पाच चालंन,” मागून एक जण म्हणाला.

“तू? तुझी चप्पल दुसऱ्याच किलोमीटरला तुटली होती.”

“म्हणून तर. चप्पल असती तर सहा.”

“मी एक. त्याच्यावर एक पाऊल नाय.”

“तुला गणित आवडत नाय म्हणून.”

“गणिताचा काय संबंध? मला सायंकाळी आजाला घास भरवायचा असतो.”

आवाज वाढत गेले. कोण किती चालेल, का चालेल, पाऊस असला तर किती, उद्या परीक्षा असली तर किती. एक मुलगी पोत्यावर चढून बसली आणि वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडू लागली, एकाखाली एक, जास्तीपासून कमीपर्यंत. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोंबड्या विकायला नेऊन तशाच परत आणणारी म्हातारी मध्येच म्हणाली, “मी तर शाळंसाठी बारा चालले असते. मला कुणी इचारलंच नाय.”

मग त्या मुलीने वहीत सगळ्यांच्या वर बारा लिहिलं.

केतकी ऐकत होती. तिच्या मांडीवर काहीच नव्हतं, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. समोरचा काठ धुक्यातून जरासा बाहेर आला, पुन्हा आत गेला...

“मॅडम, परतीची लाँच सकाळी सातला हाय,” सुगंधा कानाशी येऊन म्हणाली. “आज आमच्याकडंच ऱ्हावा.”

केतकीने होकाराची मान हलवली. मग ती सरांच्या जवळ सरकली.

“सर... सोमवारी प्राचार्यांना काय सांगू?”

जंगम सरांनी डोळे उघडले. पोती, कोंबड्या, म्हातारी, भांडणारी मुलं, सगळ्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

“आधी इथली हजेरी घे.”