टॅबिथाबाईंची खुर्ची

कॅलिफोर्नियाच्या या कोरड्या खोऱ्यात जिकडे पाहावं तिकडे तेलाचे पंप मान हलवत असतात. टेकडीच्या पायथ्याशी मात्र एका लोखंडी नळातून गोडं पाणी वाहतं आणि त्याच्या आसपास एकही पंप नाही. असं का, हे गावातले ऑर्विल आजोबा पाहुण्यांना सावकाश सांगतात. घाई असेल त्यानं विचारूच नये.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, एलायस प्रॉक्टर नावाचा माणूस बायकोला घेऊन इथे आला. तेव्हा जमिनीतून काळं डांबर आपसूक पाझरायचं. लोक त्यानं छपरं लिंपायचे. एलायसनं ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात तेलाचं भूत शिरलं. लांब वाशाला जड लोखंडी छिन्नी टांगून ती तो दिवसभर जमिनीत आपटत राही. त्याची बायको म्हणजे टॅबिथाबाई. नवऱ्याच्या नादापायी त्यांनी याआधी तीन घरं सोडली होती. इथे मात्र त्यांचा जीव रमला, कारण शेजारी एचेवेरी मेंढपाळाची बायको मायटे राहत होती. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी गप्पा संपत नसत.

तिसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरी आटल्या, मेंढ्या मरू लागल्या. दोन घरांना कुलपं लागली. मायटेही डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी आम्ही निघतो."

शनिवारी सकाळी एलायसच्या बोअरमधून पाणी उसळलं. गोडं, गार पाणी! आणि एलायसनं कपाळाला हात लावला. तेलवाल्यांच्या लेखी पाणी म्हणजे विघ्न. लोखंडी नळी ठोकून ते कोंडायचं आणि आणखी खाली जायचं, ही त्यांची रीत. तो नळी आणायला वळला.

टॅबिथाबाईंनी घरातली खुर्ची आणून बोअरच्या तोंडाशी मांडली आणि वाहत्या पाण्यात पाय सोडून बसल्या.

"ऊठ, टॅबी. तेल आणखी खाली आहे."

"असू दे. तुझ्यासाठी तीन घरं सोडली. हे नाही सोडणार."

दोन दिवस त्या उठल्या नाहीत, असं सांगतात. मधूनमधून उठल्या असतीलच, माणूसच होत्या. पण तेवढा वेळ मायटे बसे, असं ऑर्विल आजोबांचं मत. खोऱ्यातली माणसं पिंपं घेऊन आली, मागोमाग मेंढ्या आल्या. सोमवारी एचेवेरींनी गाडी जुंपली, ती पाणी न्यायला.

एलायस हट्टी खरा, पण बायकोवर त्याचा फार जीव होता. संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"मग खणू तरी कुठे?"

"तुझ्या शिव्या मला ऐकू येणार नाहीत इतक्या लांब."

तो चालत गेला, थांबला, एक शिवी हासडली. बाईंनी नकाराची मान हलवली. आणखी पुढे गेला, पुन्हा तेच. असं करत करत तो पार ओढ्यापलीकडे पोचला. तिथे दोन वर्षांनी त्याला तेल लागलं. फार नाही, पण दोघांचं छान भागलं.

आजही खोऱ्यात नवी तेलविहीर खणायची झाली, की त्या जागी आधी खुर्ची मांडतात. गावातली सर्वांत वयस्क बाई तिच्यावर बसते आणि ती उठेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. गेल्या वर्षी हा मान एका ऐंशी वर्षांच्या आजींचा होता. सकाळी बसल्या त्या दुपार झाली तरी उठेनात. काही चुकलं का, म्हणून तेल कंपनीच्या साहेबानं अदबीनं विचारलं.

"छे, छे," आजी म्हणाल्या. "इथे बरं वाटतंय, एवढंच."

त्या मायटे एचेवेरीच्या पणती.