मुका कडा

धक्क्यावर उभं राहून समोरच्या कुठल्याही डोंगराला हाक मारा, हाक परत येते. हा काळा कडा तेवढा सोडून. याला आम्ही मुका कडा म्हणतो. हसू नका, मारून बघा.

आमच्या आयरिशमध्ये कुणी 'देव तुझ्यापाशी असो' म्हटलं, की 'देव आणि मरिया तुझ्यापाशी असोत' असं उत्तर द्यायचं. मिळालं त्यापेक्षा एक नाव जास्त. उत्तर न देणं म्हणजे आलेल्याच्या तोंडावर दार लावणं.

गोबनेट नावाची विधवा इथे समुद्राचं शेवाळ गोळा करून पोट भरायची. तिची एकुलती मुलगी सोरखा. शाळेत तेव्हा इंग्रजीच बोलायचं, असा दंडक होता. पोरांच्या गळ्यात काठी अडकवत. आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच, आणि शाळा सुटताना खाचेमागे एक छडी. लेकीचे सुजलेले हात पाहून गोबनेट तडक घराबाहेर पडली. या कड्यावर हात ठेवून ती म्हणे नवस बोलली, "पोर इंग्रजी शिकून अमेरिकेला जाऊ दे. तोवर आपल्या भाषेतला एक शब्द मी तिच्याशी बोलणार नाही." आता हिला दुसरी भाषाच कुठे येत होती!

मग नऊ वर्षं आई मुकी. पोर दारातून 'देव तुझ्यापाशी असो' म्हणायची, आई चुलीकडे तोंड फिरवायची. पुढे पोरीनेही म्हणणं सोडलं.

सोरखाची बोट सुटली त्या दुपारी नवस फिटला. गोबनेट धापा टाकत कड्यावर चढली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "सोरखा, देव तुझ्यापाशी असो गं!"

सोरखाने आवाज ओळखला. पण उत्तर काय द्यायचं, ते तिला आठवेना. तिने नुसता हात हलवला. गोबनेट उत्तराची वाट पाहत तिथेच बसली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून कडाही उत्तर देत नाही, असं सांगतात.

आजही बोट सुटताना एकाने कड्यावरून हाक द्यायची आणि दुसऱ्याने धक्क्यावरून सोरखाच्या वतीने उत्तर द्यायचं, अशी रीत आहे. उत्तर देणारी आमची कॅट्रिना गेल्या हिवाळ्यात वारली. गावात पोरं आहेत, पण हे शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत. हाक मी अजून देतो. कशासाठी, ते मला विचारू नका.

चला, तुमची बोट लागली. मी वरून ओरडेन, तुम्ही हात हलवाल. तिनेही तेच केलं होतं.