अंगणात बसवलेलं लग्न

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव हिंदुराव. नाव ठेवणाऱ्याने फार मोठी आशा धरली होती, त्याला इलाज नाही. सांगितलेलं काम हिंदुराव जसंच्या तसं करायचा. त्यात पदरची अक्कल घालायचा नाही, कारण घालायला काही नव्हतं.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, वैजूचं, लग्न ठरलं. नवरा रणधीर, गुरांचा डॉक्टर. वैजूनेच पसंत केलेला. आबांना, म्हणजे वडिलांना, पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले होते. आता लग्न सुरळीत पार पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, पुण्याहून आले. सोबत चपातीच्या डब्याएवढं एक यंत्र. घरी टीव्हीला जोडून खेळायचा मोठा गेम त्यात बसवलेला होता. दाजी आले ते पलंगावर बसले आणि खेळायला लागले.

हिंदुराव शेजारी टेकला. "दाजी, येवढा मोठा गेम ह्या डब्यात बसला कसा?"

"बसवावा लागतो. लांबचे डोंगर पुसट करायचे. तिकडं कोण बघतंय?"

"आणि?"

"चित्रं पळतात ना, त्यातलं एक सोडून एक गाळायचं. डोळ्याला कळत पण नाही."

"मग राहिलं काय?"

"तोच गेम आहे रे. शिवाय कुठंही नेता येतो."

"कुठं नेला?"

"इथं," दाजी म्हणाले आणि पलंगावर कूस बदलली. यंत्र तव्यासारखं तापलं होतं, आतला पंखा घरघरत होता. बॅटरी दम धरत नाही म्हणून वायर भिंतीला लावलेली होती. वायर जेवढी लांब, तेवढंच दाजींचं कुठंही.

लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयवाल्याचा फोन आला. त्याने एकाच दिवशी दोन लग्नं घेतली होती आणि दुसऱ्या लग्नाला आमदार येणार होते. आबा डोकं धरून बसले.

"येवढं मोठं लगीन आता आपल्या अंगणात बसवायचं कसं?"

"मी बसवतो," हिंदुराव म्हणाला. "मला म्हाईत हाय."

आबा हो म्हणाले. त्यांना दुसरा मुलगा नव्हता.

सकाळी वऱ्हाड आलं. मांडवात पुढच्या रांगांवर झालरीचं छत, पंखे, झेंडूच्या माळा. मागच्या रांगांवर नुसतं आभाळ. मागचं वऱ्हाड डोक्यावर रुमाल टाकून भाजत बसलं.

"आरं, मागचं छत कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"मागं कोण बघतंय?"

"मागं माणसं बसल्यात. पाहुणा पुढचा असू दे न्हाईतर मागचा, सगळ्यास्नी सारखं द्यायचं. ध्यानात ठेव."

"ठेवतो," हिंदुराव म्हणाला. आणि ठेवलं. त्याचं हेच तर वाईट होतं.

थोड्या वेळाने आबांनी त्याच्या हातात नवऱ्याच्या मोत्याच्या मुंडावळ्या दिल्या आणि वरपक्षाकडे नेऊन द्यायला सांगितल्या. हिंदुरावने वरपक्षाकडे पाहिलं, मुंडावळ्यांकडे पाहिलं, आणि कात्री आणली. नवऱ्याच्या आजोबांच्या, बँडवाल्याच्या, बसच्या ड्रायव्हरच्या, सगळ्यांच्या कपाळावर दोन-दोन मोती लोंबायला लागले. भटजी चष्मा पुसून विचारू लागले, की यातला नवरा कोण.

"सारखं म्हंजी हे न्हवं," आबा दात आवळून म्हणाले. "नवऱ्याचं ते नवऱ्यालाच द्यायचं. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

"ठेवतो ध्यानात."

मग पोहे आले. आचारी म्हणाला, "ही सगळी ताटं नवऱ्याकडची." हिंदुरावने एकूण एक ताट नेऊन रणधीरच्या सिंहासनाभोवती रचलं. रणधीरच्या चुलत्यांनी, दौलतकाकांनी, एका ताटाला हात घातला, तर हिंदुरावने तो बाजूला सारला. रणधीर बिचारा होणाऱ्या मेहुण्याचा शब्द मोडवेना म्हणून पोह्यांमागून पोहे खात सुटला.

"एकट्याला न्हवं रं," आबांचा आवाज बसला. "ओळीनं वाढ. आणि पटापट."

पटापट म्हटल्यावर हिंदुरावला काही शिकवायची गरज नव्हती. एकाला वाढायचं, एकाला गाळायचं. डोळ्याला कळत नव्हतं. पोटाला कळत होतं. दौलतकाका दुसऱ्यांदा गाळले गेले आणि ताडकन उठले.

"डोक्यावर छत न्हाई, ताटात पवं न्हाईत. उठा रं, परत जाऊ."

खिडकीतून वैजूने ते ऐकलं आणि हिंदुरावला जवळ बोलावलं. आयुष्यात एकच गोष्ट हट्टाने मागितली होती, ती पोह्यांपायी चालली होती.

"दादा," ती म्हणाली, "माझ्या लग्नाचं वाटोळं करू नकोस."

"न्हाई करत," हिंदुराव मनापासून म्हणाला.

आबांनी दौलतकाकांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "काका, तुमी स्टेजवर बसा, मानानं बसा. हिंदुराव, स्टेजवर जागा कर. कशी बी कर."

स्टेज खच्चून भरलं होतं. हिंदुराव धावत दाजींकडे गेला. "दाजी, जागा कमी पडतीया."

दाजींना वाटलं, यंत्रातच. त्यांनी मान वर केली नाही. "सगळ्यात जास्त जागा कोण खातंय ते बघ. ते काढून टाक. लागलं तर परत घेता येतं."

हिंदुरावने स्टेज नीट न्याहाळलं. सगळ्यात जास्त जागा रणधीर खात होता. सिंहाच्या तोंडाचं सिंहासन, वर छत्री, भोवती ताटं. हिंदुराव त्याच्या कानात म्हणाला, "पावणं, जरा टेम्पोत बसा." रणधीर बसला. शेजारी सिंहासन ठेवलं. मंडपवाल्याचा टेम्पो तालुक्याला निघाला.

स्टेजवर ऐसपैस जागा झाली. दौलतकाका मांडी घालून बसले. भटजींनी अंतरपाट मागवला आणि नवऱ्याला हाक मारली.

"नवरा कुठाय?" आबांनी विचारलं.

"काढला," हिंदुराव म्हणाला. "लई जागा खात हुता. काळजी करू नगा, लागला तर परत घेता येतो."

"मला लागतो," वैजू म्हणाली. तिने शालू खोचला, स्कूटी काढली आणि टेम्पोच्या मागे सुटली.

हिंदुराव पुन्हा दाजींकडे. "दाजी, काढलेलं परत घ्यायचं हाय."

"मग आधी मोकळी जागा कर," दाजी म्हणाले. "भरपूर कर, मोठं असलं तर अडकतं."

हिंदुराव मांडवात आला आणि माइक हातात घेतला. "मंडळी, नवरा पुढं गेलाय." हे खरंच होतं. वऱ्हाडाला चुलत्यांच्या रागाची कल्पना होती, नवराही रुसून गेला असं समजून सगळे बसमध्ये चढले. दौलतकाका सगळ्यात आधी. आबा त्यांना थोपवायला हात जोडत आत शिरले, आबांच्या मागे दक्षिणा मागत भटजी शिरले आणि बस सुटली. लग्न मोडलं असं समजून गावातली मंडळीही आपापल्या घरी गेली. हिंदुरावने उरलेल्या खुर्च्या उचलल्या, स्टेज खोललं, अंगण झाडून घेतलं.

मुहूर्ताला थोडाच वेळ राहिला असताना स्कूटी फाटकातून आत आली. वैजूच्या केसात धूळ होती, आनंदाने डोळे भरले होते. मागे रणधीर, सिंहासनाची छत्री कवटाळून. दोघं उतरली. अंगणात भटजी नव्हते, आबा नव्हते, चिटपाखरू नव्हतं. मधोमध हिंदुराव केरसुणी घेऊन उभा होता, घामाने निथळलेला आणि अतिशय खूश.

"ये वैजू," तो म्हणाला. "आता कितीबी मोठं लगीन असू दे, आरामात बसतंय."