दृष्ट कुणाची?

शर्वरीने जुन्या मारुतीच्या मागच्या सीटा काढल्या, गाडी उलटली तरी जीव वाचावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला आणि शर्यतीच्या नोंदणीसाठी गाडी कोल्हापूरच्या ट्रॅकवर आणली. तपासनीस खर्डेकरसाहेब सकाळपासून गाडीभोवती घिरट्या घालत होते, पण खोट सापडेना. शेवटी त्यांनी बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीवर बोट ठेवलं.

“गाडीला लोंबतं काही चालत नाही. काढा, नाहीतर नाव बाद.”

त्या बांधणाऱ्या, शर्वरीबरोबर आलेल्या शालनआत्याने गाडीची किल्ली कमरेला खोचली. “मिरच्या सुटल्या तर किल्ली मिळायची नाही. पोरीला दृष्ट लागली म्हणजे?”

दोघंही हटेनात, आणि नोंदणी बंद व्हायला आली होती. शर्वरी वैतागून म्हणाली, “आत्या, सकाळपासून गाडीकडे टक लावून कोण बघतंय?”

“हेच की.”

“मग दृष्ट यांचीच लागणार. मिरच्या यांनाच बांध.”

आत्याला ते एकदम पटलं. तिने मिरच्या सोडून साहेबांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीला बांधल्या.

“अहो बाई, हे काय?”

“नियम गाडीला आहे, साहेब,” शर्वरी म्हणाली. “तपासनिसाला नाही.”

साहेबांनी हसू दाबत सही केली. आत्याने किल्ली दिली आणि साहेबांना बजावलं, “शर्यत संपेपर्यंत सोडायच्या नाहीत हं.”