पुदिन्याची स्टाउट

“कशी वाटली, अण्णा?”

अण्णांनी ग्लास अजून तोंडालाही लावला नव्हता.

पण निनादला धीर कुठला! सकाळपासून त्याची मान ताठ होती. नाशिकजवळच्या त्या लहानशा बिअरच्या कारखान्यात तो सहा वर्षं भिकाजीअण्णांच्या हाताखाली शिकत होता, आणि आता पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या डोक्याने बिअर केली होती. काळी, दाट स्टाउट. चॉकलेटची, वर पुदिन्याची. अण्णा ‘हो’ म्हणाले, तर शनिवारी ती गिऱ्हाइकांना मिळणार होती आणि काउंटरमागच्या फळ्यावर तिच्याखाली त्याचं नाव लागणार होतं. आजवर एकाही शिष्याचं नाव त्या फळ्यावर चढलं नव्हतं.

सासुरवाडीला तर त्याने फोन करून सांगूनही टाकलं होतं, नाव लागलं म्हणून. जावयाचं नाव बिअरच्या फळ्यावर, हे ऐकून सासऱ्यांना काय वाटलं, ते काही त्याने विचारलं नाही.

“चॉकलेट केरळातून मागवलंय,” तो म्हणाला. “पुदिना आपल्याच मागच्या वाफ्यातला. अशी बिअर अख्ख्या जिल्ह्यात कुणी केली नसेल, अण्णा. जिल्ह्यात कशाला, राज्यात!”

“तू प्यायलास?”

“प्यायलो की! दहा वेळा. अशीच, बर्फासारखी गार... एकदम फक्कड!”

ग्लाससुद्धा त्याने फ्रीझरमध्ये ठेवून आणला होता. बाहेरून तो पांढरा झाला होता.

अण्णांनी तो दोन्ही तळव्यांत धरला, मांडीवर टेकवला आणि खिडकीबाहेरचं चैत्रातलं ऊन पाहत बसले.

“अण्णा... ती कोमट होईल.”

“होऊ दे.”

...

“फेस बसला, अण्णा!”

“बसू दे.”

ग्लासवरचा बर्फ वितळला. पाणी अण्णांच्या लेंग्यावर टपकू लागलं. आपल्या सहा वर्षांच्या मेहनतीची हा म्हातारा डोळ्यांदेखत माती करतोय, असं वाटून निनादला रडू यायचं तेवढं बाकी होतं. ग्लास हिसकावून घ्यावा, असंही मनात आलं. घेतला नाही, एवढंच.

पाव तासाने अण्णांनी एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला... गिळला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

ग्लास त्यांनी निनादपुढे केला.

“पी.”

त्याने तोंड वाकडं करूनच घोट घेतला.

आणि थबकला.

आधी भाजलेल्या बार्लीचा खमंग कडवटपणा आला. मागून चॉकलेट आलं, दहा वेळा पिऊनही कधी न लागलेलं, आणि सावकाश जिभेवर पसरलं. मग, बिअर कोमट असूनही, घशात गारवा उतरला... तो पुदिना होता. हे आपण केलंय, आपल्या हातांनी केलंय, या अभिमानाने त्याचे डोळे भरून आले.

“अण्णा! ही इतकी चांगली झालीय? मला ठाऊकच नव्हतं!”

अण्णांनी ओले तळवे लेंग्याला पुसले.

“मग मघापासून कौतुक कुणाचं चाललं होतं?”